सुभद्राबाईंची अकरा गाणी आणि माझी मालमत्ता

मी, शेख कय्यूम शेख गफूर, वय त्रेसष्ट, धंदा आधी रेडिओ-टेप दुरुस्ती, पुढे कॅसेट भरून देणे, मग सीडी, मग मेमरी कार्ड आणि मोबाइल रिपेअरिंग, राहणार अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. मार्च महिन्यात छातीत कळ आली आणि सहा दिवस दवाखान्यात काढावे लागले. त्यानंतर डोके साफ आहे, नजर चष्म्यासह ठीक आहे आणि लिहिताना माझ्याजवळ कोणी बसलेले नाही. कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून फितवलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

चिखलीचे वकीलसाहेब म्हणाले होते की तुमच्यासारख्याचे काम दोन पानांत होते. मी लिहायला बसलो तेव्हा मलाही तसेच वाटले होते. कलम सहापाशी आल्यावर तसे राहिले नाही. ज्यांना फक्त मालमत्तेशी मतलब आहे त्यांनी ते कलम सोडून पुढे जावे; पण माझ्या दोन्ही मुलांनी ते वाचलेच पाहिजे, अशी माझी अट आहे.

कलम १. राहते घर, तीन खोल्या व मागचे अंगण, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये माझ्या नावे आहे. ते माझ्या मागे शरियतीप्रमाणे माझी पत्नी गुलनारबी, मुलगा आमीर व मुलगी झेबा यांच्यात वाटले जावे. गुलनारबी हयात आहे तोवर घर विकू नये. शरियतीत मुलाला मुलीच्या दुप्पट जाते हे मला माहीत आहे. आमीर पुण्याला नोकरीत आहे, त्याला घराची गरज नाही; आपला जास्तीचा भाग बहिणीला सोडीन असे त्याने मला फोनवर सांगितले. तो बोलत असताना मी ते रेकॉर्ड करून ठेवले होते. सवय. दुसऱ्या दिवशी पुसून टाकले. माणसाला न विचारता त्याचा आवाज ठेवून घेणे मी आता करणार नाही. आमीरने शब्द पाळला तर पाळला.

कलम २. बँकेत जे असेल ते वरीलप्रमाणेच. पासबुक गुलनारबीच्या ट्रंकेत आहे.

कलम ३. दुकानातली हत्यारे: दोन सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, गरम हवेचे मशीन, भिंग, पेचकसांचा डबा. हे सगळे झेबाला द्यावे. ती आता देऊळगाव राजाला नांदते आणि जावईबापूंना हे विचित्र वाटेल. पण दहा वर्षांची असताना तिने माझ्याआधी एका टेपचा बिघाड शोधला होता, आणि मी गिऱ्हाइकाला सांगितले की तो मी शोधला. गिऱ्हाईक माझी तारीफ करत होते आणि ती स्टुलावर बसून ऐकत होती. वारसाला असे वेगळे द्यायचे तर बाकीच्या वारसांची हरकत नसावी लागते. हत्यारांवरून कोणी हरकत घेईल असे वाटत नाही.

कलम ४. माझा मोबाइल. त्यावर रोज दीडशे मेसेज येतात, त्यातले एकशे चाळीस खोटे असतात. कोणत्या पाण्याने साखर उतरते, कोणती साइट सरकार उद्या बंद करणार, कुठल्या गावात पोरे पळवणारी टोळी आली. मीही पुढे पाठवलेले आहेत. माझ्या मागे तो फोन कोणी चाळत बसू नये. आतले सर्व पुसून फोन गुलनारबीला द्यावा, म्हणजे तिला नातवंडांचे चेहरे पाहता येतील.

कलम ५. चौकातल्या हॉटेलचे अर्जुनराव यांनी २००४ साली गणपतीसाठी माझा अॅम्प्लिफायर नेला आणि जाळून परत आणला. जळका वास येत होता तरी ते म्हणाले, "मी नेला तवाच असा व्हता." चौदा वर्षे मी त्यांच्या हॉटेलात चहा घेतला नाही. तो अॅम्प्लिफायर मी नंतर दुरुस्त केला, चालतो. तो अर्जुनरावांना द्यावा. त्यांच्यावर रागवायचा हक्क मला उरलेला नाही, हे पुढच्या कलमावरून दिसेल.

कलम ६. बसस्टँडजवळचे माझे दुकान, दहा बाय बारा, शटरसह. मुसलमान माणसाला वारसांव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाला मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच लिहून देता येते. वकीलसाहेबांच्या अंदाजाने दुकान त्यात बसते. हे दुकान मी श्रीमती सुभद्राबाई, राहणार अमडापूर, यांना व त्यांच्या पश्चात त्यांची मुलगी छाया हिला लिहून देत आहे.

सुभद्राबाई माझ्या नात्यातल्या नाहीत, जातीतल्या नाहीत, दुकानाच्या भागीदार नाहीत. तेव्हा काऊन दिले, हा प्रश्न उठेल. नको ते तर्क होऊ नयेत म्हणून कारण मीच लिहितो.

सुभद्राबाई लोकांच्या शेतात कापूस वेचत. नवरा छाया लहान असतानाच वारला. आवाज असा होता की बांधापलीकडच्या वावरातल्या बायका वेचता वेचता थांबत. जुनी गाणी तर त्या गातच, पण नवी स्वतः जोडत. कागदावर काही नाही, सगळे डोक्यात. बीटीचे पाकीट गावात आले आणि दोन-तीन वर्षांत घरचे बियाणे ठेवणे लोकांनी बंद केले, तेव्हा त्यांनी त्याच्यावर गाणी केली. त्यातले एक असे:

राखीत ठेवलं बियाणं, माह्या मायनं गाडग्यात
आता कंपनीचं कुलूप, बाई बोंडाबोंडाच्या आत.
पाकिटातलं बी बाई, एका वर्साचं पाव्हणं
पोटच्या लेकरावाणी, नाही घरात राह्यनं.

२००८ च्या डिसेंबरात छाया माझ्या दुकानात आली. तेव्हा ती चिखलीला कॉलेजात होती. तिच्याजवळ एक चिनी मोबाइल होता, त्याचा स्पीकर फाटला होता. मी म्हणालो, संध्याकाळी घेऊन जा. ती गेल्यावर मी फोन कॉम्प्युटरला लावला.

इथे मला एक गोष्ट कबूल करावी लागते. दुरुस्तीला आलेला कोणताही फोन मी कॉम्प्युटरला लावत असे आणि त्यातली गाणी, पिक्चर माझ्याकडे उतरवून घेत असे. गिऱ्हाइकाला विचारत नसे. दुकानावर बोर्ड होता, 'मेमरी कार्ड भरून मिळेल', आणि तो धंदा असाच उभा राहिला होता. कोणी टोकले तर माझे उत्तर तयार असे: चोरी म्हणजे तुझी वस्तू जाते आणि माझ्याकडे येते. कॉपीत तुझी तुझ्याकडेच राहते, मग गेले काय? हे मी शाळेचे मास्तर इंद्रभान यांनाही ऐकवले होते. ते म्हणाले, "कय्यूमभाई, बोलण्यात तुमी वकिलालेबी हारनार नाही." मी ती तारीफ समजलो.

छायाच्या फोनात तिच्या आईची अकरा गाणी होती. वावरात उभे राहून रेकॉर्ड केलेली. मधे वाऱ्याचा आवाज, कुठे कुत्रे भुंकते, एका ठिकाणी सुभद्राबाई हसून म्हणतात, "ठेव ना वं ते, कापूस वेच." मी दुकानाचे शटर अर्धे ओढून सगळी ऐकली. मला फार आवडली, हे खरे आहे. आवडली म्हणूनच उतरवून घेतली, आणि 'कापूस गाणे' असे नाव देऊन भरायच्या यादीत टाकली.

महिनाभरात ती सगळीकडे वाजू लागली. जिनिंगला जाणाऱ्या ट्रॅक्टरवर, काळी-पिवळी जीपमध्ये, लोणारच्या बाजारात. लोक येऊन म्हणत, ते कंपनीच्या कुलपाचे गाणे भरून द्या. गाणारी कोण, हे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. सांगितले असते तर फोनातून काढले कसे, हेही सांगावे लागले असते.

पुढच्या दिवाळीला जालन्याच्या एका माणसाने त्या गाण्यांची सीडी काढली. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, ते कोर्टाने लिहावे. मागे ढोलकी आणि बेंजो, गायला दुसरी तरुण बाई, आणि कव्हरवर गीतकार म्हणून स्वतःचे नाव. कुठल्या तरी मेमरी कार्डातूनच त्याच्यापर्यंत गाणी गेली, आणि ते कार्ड माझ्याकडे भरलेले नसेल असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. ती सीडी माझ्याकडे आली तेव्हा मी तिच्याही कॉप्या काढून विकल्या. चोराकडे चोरी केली म्हणून मी मनात हसलो होतो.

२०१० च्या उन्हाळ्यात गावातल्या एका लग्नात हळदीला सुभद्राबाईंना गायला बसवले. त्यांनी ते गाणे सुरू केले. नवरीच्या मैत्रिणी कुजबुजल्या, आणि एक जण सगळ्यांदेखत म्हणाली, "मावशी, असं नाही हो ते. सीडीत अलग हाये. तुमचं चुकून राह्यलं." सुभद्राबाई म्हणाल्या की गाणे माझेच आहे. पोरी हसल्या. गुलनारबी तिथे होती, तिने घरी येऊन मला सांगितले. सुभद्राबाई ते गाणे पुरे न करता उठल्या, आणि त्यानंतर कोणाच्या हळदीला बसल्या नाहीत.

२०१२ साली इंद्रभान मास्तरांनी त्यांचा वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज भरून दिला. समितीपुढे त्यांनी ती गाणी म्हटली. तिथे कोणीतरी म्हणाले की ही तर सीडीवर आलेली आहेत, दुसऱ्याच्या नावाने. तुमची असल्याचा पुरावा आणा. यात समितीची चूक मी म्हणत नाही. त्यांच्यासमोर कव्हर होते आणि कव्हरवर नाव होते.

त्यानंतर चार दिवसांनी माय-लेकी दुकानात आल्या. छायाने विचारले, "चाचा, तो फोन त मरून गेला. पन तवा दुरुस्तीले देला व्हता, त तुमच्या कॉम्प्युटरात त्यातलं काही राह्यलं असन का? गाण्यावर तारीख असते म्हनतात."

तारीख होती. अकराही फाइलींवर होती, १४ डिसेंबर २००८, सीडीच्या जवळजवळ एक वर्ष आधीची. त्या दोघी माझ्या काउंटरसमोर उभ्या होत्या आणि तो पुरावा माझ्या घरी ज्वारीच्या कोठीत होता. कारण दोन आठवड्यांपूर्वीच मोबाइल-सीडीच्या दुकानांवर धाडी पडल्या होत्या, कॉम्प्युटर उचलून नेले होते आणि दोघांवर केस झाली होती. मी हार्डडिस्क काढून फडक्यात गुंडाळून ज्वारीत पुरली होती. ती दाखवायची तर आधी हे सांगावे लागणार होते की मी लोकांच्या फोनातून चोरतो. मग गिऱ्हाईक गेले असते, केस झाली असती, आणि आमीर तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. अशी मी कारणे जमवली. ती कारणे आजही माझ्याजवळ आहेत, पण ती कोणासमोर ठेवायची लाज वाटते.

मी म्हणालो, "नाही वं बेटा. गिऱ्हाइकाचं मी काही ठेवत नाही."

सुभद्राबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "चाल छाये. कय्यूमभाऊ इमानदार मानूस हाये, असतं त देलं असतं."

मला शिव्या दिल्या असत्या तर मी आतापर्यंत विसरलो असतो. हे वाक्य सहा वर्षे झाली तरी विसरलो नाही. मानधनाचा अर्ज पुराव्याअभावी परत आला.

इथेच थांबलो असतो तरी एक वेळ म्हणता आले असते की माणूस घाबरला होता. पण दुसऱ्या खेपेला कोणी धाड टाकणार नव्हते. २०१७ साली, ज्या वर्षी गुलाबी अळीने बोंडे आतून खाल्ली आणि लोकांनी उभ्या कपाशीत ढोरे सोडली, त्याच वर्षी नेट स्वस्त होऊन बसले होते. बोंडात काही नाही आणि फोनात रोजचा एक जीबी, अशी गावाची गत. मेमरी कार्ड भरायला कोणी येईना. जे मी पंचवीस वर्षे विकले ते सगळ्यांना फुकट मिळू लागले. त्याबद्दल तक्रार करायला मी कोण?

छाया तेव्हा अंगणवाडीत सेविका झालेली होती. तिने आईला ओट्यावर बसवून तेच गाणे पुन्हा गाऊन घेतले आणि व्हिडिओच्या साइटवर टाकले. आईचा आवाज आता फाटला होता, पण आईच गात होती, तोंड दिसत होते. चार दिवसांत साइटने तो व्हिडिओ काढून टाकला आणि इंग्रजीत नोटीस पाठवली. ती नोटीस वाचून घ्यायला छाया माझ्याकडे आली, कारण अशा गोष्टीतला गावातला जाणकार मी.

मी चष्मा लावून वाचले. त्यात लिहिले होते की हे गाणे दुसऱ्या मालकाच्या नावे नोंदलेले आहे, तुम्ही ते परवानगीशिवाय वापरले, असे तीनदा झाले तर तुमचे खाते बंद होईल. जालन्याच्या माणसाने सीडीची गाणी तिथे आपल्या नावावर चढवली होती. मशीनने चाल जुळवून पाहिली आणि ज्यांनी गाणे केले त्यांनाच चोर ठरवले.

चोरीच्या मालावर सरकारने, साइटवाल्यांनी बंदी घालावी की नाही, यावर आमच्या चौकात वाद होतात. आमीर म्हणतो नेट मोकळे हवे. अर्जुनराव म्हणतात सगळ्यांना आत टाका. आधी मी आमीरसारखा बोलत असे, त्यात माझा धंदा होता. आता माझे मत असे की कायदा पाहिजे, पण तो एकट्या मशीनवर सोडू नये. गाणे कोणी केले हे मशीनला कळत नाही. नाव आधी कोणी लिहिले एवढेच कळते. आणि माझ्यासारखा ज्याला कळते, तो बोलत नाही.

छायाने विचारले, "काय लिहलं हाये, चाचा?"

मी सांगितले, कंपनीचे काही नियम असतात, आपल्याला समजत नाहीत, जाऊ दे. तिने विचारले, नोटीस वाचायचे किती झाले. मी म्हणालो, तुझ्याकडून काय घ्यायचे. ती मला दुवा देऊन गेली.

यासाठी मी दुकान सुभद्राबाईंना लिहून देत आहे. हार्डडिस्क, अकरा फाइलींसह, माझ्या मागे त्यांच्या हवाली करावी, आणि हे कलम त्यांना वाचून दाखवावे. इथपर्यंत मी एप्रिलच्या नऊ तारखेला लिहिले.

कलम ७. कलम सहामधील दुकानाचे दान मी याद्वारे रद्द करत आहे. त्यातला मजकूर मात्र तसाच ठेवावा, कोणी काट मारू नये. रद्द का केले ते असे.

लिहून झाल्यावर मी कागद गुलनारबीला वाचून दाखवला. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथे मराठीत लिहितो. कोठीतल्या हार्डडिस्कचे तिला ठाऊक होते, ज्वारी तीच काढत असे. मी ती पोलिसांच्या भीतीने ठेवली असे समजून तिने कधी विचारले नव्हते. आत सुभद्राबाईंची गाणी आहेत हे तिला आता कळले. मग ती म्हणाली, "हे तुम्ही मेल्यावर वाचायचं? तेव्हा लोकांची तोंडं मी पाहायची आणि तुम्ही मातीत आरामात?"

मी म्हणालो की दुकान देतो आहे ना. ती म्हणाली, "दुकान मेलेला माणूस पण देतो. खरं जित्यालाच सांगता येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासोबत सुभद्राबाईंच्या घरी आली. हार्डडिस्क पिशवीत होती. छाया अंगणवाडीत निघायच्या बेतात होती, तिला थांबवले. मी ओट्याखाली उभा राहिलो आणि कलम सहा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. "कय्यूमभाऊ इमानदार मानूस हाये" या ठिकाणी मला वाचवेना, तेव्हा गुलनारबीने कागद हातात घेऊन पुढचे वाचले. तिला मराठी अडखळत वाचता येते, त्यामुळे ते फार वेळ चालले.

छाया रडत नव्हती. ती म्हणाली, "मी नोटीस घेऊन आली तवाही तुमाले माहीत व्हतं?"

मी हो म्हणालो. ती घरात निघून गेली.

सुभद्राबाई पाय पसरून बसल्या होत्या, गुडघे चोळत होत्या. त्यांनी विचारले, "दुकान काऊन देऊन राह्यला मले?"

मी सांगितले की माझ्याजवळ देण्यासारखे तेवढेच आहे.

"त्या दुकानात मी सहा वर्सामांग उभी व्हती," त्या म्हणाल्या. "पुन्हा तिथं पाय टाकाची माही इच्छा नाही. तुह्या मरनाची वाट पाहू का मी? तुह्या आंधी मीच गेली त? जे सांगाचं ते तिथं जाऊन सांग, जिथं मले खोटं ठरोलं."

मग त्या उठून आत गेल्या. चहापाणी झाले नाही. आमच्या भागात दारी आलेल्या दुश्मनालाही पाणी विचारतात, आणि सुभद्राबाई तर रीतीच्या पक्क्या आहेत. न विचारता आत गेल्या, म्हणजे ठरवूनच गेल्या.

एप्रिलच्या सोळा तारखेला, जिथे मानधनाचे अर्ज घेतात त्या पंचायत समितीत जाऊन मी लेखी जबाब दिला. तिथल्या बाबूंना आधी वाटले मी कोणाची तक्रार घेऊन आलो आहे. मी म्हणालो, तक्रार माझ्याविरुद्ध आहे आणि देणाराही मीच. त्यांनी साहेबांना बोलावले. छाया सोबत होती, माझ्यापासून चार खुर्च्या दूर बसली होती. कॉम्प्युटरवर डिस्क लावून तारखा दाखवल्या, त्यांनी त्याचे कागद काढून घेतले, माझ्या सह्या घेतल्या आणि अर्ज पुन्हा समितीपुढे ठेवू म्हणाले. निर्णय अजून नाही. सुभद्राबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत.

साइटवर हरकतीचा फॉर्म असतो, तो मी आणि छायाने मिळून भरला. त्यात 'मी या गाण्याचा मालक आहे' असा रकाना होता. 'हे गाणे मी चोरले आणि खरा मालक कोण ते मला माहीत आहे' असा रकाना नव्हता. शेवटी छायाने आईच्या नावाने भरला आणि माझा जबाब जोडला. तीन आठवड्यांनी व्हिडिओ परत दिसू लागला. जालन्याच्या माणसाने उत्तर दिले नाही. त्याच्या नावाची सीडी अजून तिथे आहे, तिला पाहणारे लाखात आहेत. ओट्यावरच्या व्हिडिओला काल संध्याकाळपर्यंत दोनशे सोळा होते.

बाजाराच्या दिवशी मी चौकात उभे राहून लोकांनाही सांगितले. काहींनी ऐकले, काही म्हणाले की एवढ्याशा गाण्याचे काय घेऊन बसला. एका म्हाताऱ्याने विचारले, "माह्या फोनातलं काय काय काढलं बे तू?" त्याला मी खरे उत्तर दिले. त्यानंतर दुरुस्तीला येणारे कमी झाले आणि आमीरने दोन आठवडे फोन उचलला नाही. झेबा मात्र दुसऱ्याच दिवशी देऊळगाव राजाहून बसने आली. दुकानात बसून तुंबलेले तीन फोन दुरुस्त करून गेली.

दुकान सुभद्राबाईंना नको आहे, म्हणून ते आता इतर मालमत्तेप्रमाणे वारसांमध्ये वाटले जावे. हार्डडिस्क मी छायाच्या हातात दिली आहे. ती माझ्या मालमत्तेत मोजू नये.

कलम ८. या कागदाची अंमलबजावणी शाळेचे निवृत्त मास्तर इंद्रभान यांनी करावी. त्यांनी हो म्हटले आहे. वर त्यांच्याबद्दल लिहिलेले वाचून ते म्हणाले की ती तारीफ नव्हती.

कलम ९. माझे कफन-दफन साधे करावे. मयतीचा भोंगा लावायचा असेल तर आवाज बेताचा ठेवावा. सुभद्राबाईंना निरोप द्यावा. येणे न येणे त्यांच्या मर्जीवर आहे. आल्या तर कोणी विचारू नये की काऊन आल्या, नाही आल्या तर कोणी त्यांना नावे ठेवू नयेत.

जनाज्याच्या नमाजीआधी उभ्या लोकांना विचारतात की मय्यतीने कोणाचे मन दुखावले असेल, कोणाचा हक्क राहिला असेल, तर त्याने सांगावे किंवा माफ करावे. त्या वेळी सगळे एका सुरात 'माफ केले' म्हणून मोकळे होतात. मी स्वतः ते कित्येकांसाठी म्हटले आहे, ज्यांचे माझे काही घेणे नव्हते त्यांच्यासाठीही. माझ्या वेळी ज्याला आपल्यापुरते म्हणायचे असेल त्याने म्हणावे. सुभद्राबाईंच्या आणि छायाच्या वतीने कोणी म्हणू नये, माझ्या मुलानेही नाही. मी त्यांच्याकडे माफी मागितली आहे. त्यांनी ती दिलेली नाही. न देण्याचा त्यांचा हक्क मी मानतो.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला, तो खरा आहे, आणि साक्षीदारांसमोर त्यावर माझ्या हाताने सही करत आहे.

सही: शेख कय्यूम शेख गफूर

साक्षीदार १: अर्जुनराव, धंदा हॉटेल, रा. अमडापूर. (लिहून देणाऱ्याने आमच्या डोळ्यांसमोर सही केली. कलम पाचमधला अॅम्प्लिफायर माझ्याच हातून जळला होता, हे मी इथे लिहून देतो. साक्षीदाराला काही लिहून देणे बरे नाही असे वकीलसाहेब म्हणतात, म्हणून तो मला नको.)

साक्षीदार २: डॉ. सकलैन, रा. अमडापूर. (लिहून देणारे शुद्धीवर असून त्यांना सर्व समजते, हे मी तपासून लिहीत आहे.)

ठिकाण: अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा
तारीख: २१ मे २०१८